पाठमोरी शर्यत

पोती तोलायच्या काट्यावर माझी सून उभी होती आणि एक ताडमाड परकी पोरगी दांडीवरचं वजन सरकवत होती. गिरणी चालू, पट्टा फडफडतोय, पिठाचा धुरळा उडतोय, समोर डबे घेऊन आळीतल्या बायका उभ्या, आणि त्यात हे. वजन एका जागी थांबलं तशी ती पोरगी अशी किंचाळली की मला वाटलं, हिची ओढणी पट्ट्यात गेली.

मी खटका ओढला. गिरणी बंद झाली की आमच्या दापोडीच्या आळीत कळायचं, हौसाक्का आता बोलणार.

"बाई गं," मी म्हणलं, "गहू तोलून मिळतो इथं. सुना तोलत नाही आम्ही."

ती काही घाबरली नाही. तिनं माझ्या सुनेला काट्यावरच मिठी मारली आणि म्हणाली, "काकू, अहो, हिच्यासारखी मी महिनाभर शोधतेय. एवढीशी आहे, आणि आवाज केवढा."

पोरीचं नाव केतकी बापट. नदीपल्याड विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज, त्याच्या बोट क्लबात पोरींची ही पुढारी. दर वर्षी नव्या पोरी धरून आणायच्या, त्यांना वल्हवायला शिकवायचं आणि उन्हाळ्याआधी शर्यतीत उतरवायचं, हे तिचं काम. पोरी धरायची तिची रीतही ऐका. होस्टेलमध्ये पाणी चढत नव्हतं, तर ही सकाळी जिन्यात उभी राहायची आणि भरली बादली न हिंदकळता तिसऱ्या मजल्यावर कोण नेतं ते बघायची. नेली की झाली भरती. अशा चार तिनं पकडल्या होत्या. एक लातूरची, एक दौंडची, एक चंद्रपूरची आणि एक मैत्रिणीकडं राहायला आलेली, आपली मंगळवार पेठेतली. आता होडीच्या शेपटाला बसून त्या चौघींना हाकायला एक हलकी, आवाजी पाचवी हवी होती.

"म्हणजे त्या चौघींनी ओढायचं," मी विचारलं, "आणि हिनं काय करायचं?"

"हिनं बसायचं आणि ओरडायचं."

बायका खदखदून हसल्या. शेजारची शेवंता म्हणाली, अगं मग हौसाक्कालाच न्या की, सरावाची गरज नाही. मी म्हणलं, मला न्यायला होडी पुरायची नाही, जहाज आणा.

पण हसता हसता मी सुनेकडं बघत होते. वैजयंता तिचं नाव. ओतूरची पोर. डिप्लोमा झाल्या झाल्या माझ्या सुधाकरशी लग्न झालं, आणि पुढं शिकवीन म्हणून मी तिच्या वडलांना शब्द दिलेला. मी स्वतः चौथीत शाळा सोडली, तशी शाळेनं मला तिसरीतच सोडलं होतं, पण शब्द म्हणजे शब्द, पोरीला त्याच नदीपल्याडच्या कॉलेजात घातलं. दोन वर्षं झाली होती पोरीला घरात येऊन आणि तिच्या तोंडून "जी, आत्याबाई" ह्यापलीकडं काही निघालेलं मी ऐकलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तर जी आत्याबाई, कमी झालं तरी जी आत्याबाई. आणि ही म्हणे ओरडते.

मी केतकीला म्हणलं, तू चुकलीस, ही कुणी दुसरी असेल. तर ती म्हणाली, नाही हो काकू, परवा वर्कशॉपमध्ये एका मुलानं हिच्या हातातला पाना ओढला, तेव्हा हिनं त्याला असा झापला की शेजारचे वर्ग बाहेर आले.

"काय म्हणाली?"

केतकीनं वैजूकडं बघितलं. वैजूनं केतकीकडं बघितलं. मग दोघींनी माझ्या फरशीकडं बघितलं.

"तसं विशेष काही नाही, काकू."

आता खरं तर माझ्या मनात नाही म्हणायचं होतं. पण वैजूनं काट्यावरून उतरताना एकदा वर बघितलं. मागितलं काही नाही. नुसतं बघितलं, जसं पोर जत्रेतल्या पाळण्याकडं बघतं. आणि बाहेर बायका कान टवकारून उभ्या. मग मी जे बोलले ते अख्ख्या आळीसमोर बोलले.

"जा. सकाळ तुझी, संध्याकाळ गिरणीची. शर्यत झाली की पहिल्या नंबराचं भांडं ह्या गिरणीत आलं पाहिजे. आलं तर कॉलेज संपेस्तोवर नदी तुझी. नाही आलं तर नदी बंद, कॉलेज सुटलं की सरळ पट्ट्याजवळ. कबूल?"

"जी, आत्याबाई," ती म्हणाली. कान मात्र लालभडक झाले होते.

शेवंता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, अगं, नवशिक्या पोरी त्या, पहिल्या वर्षी कुठून जिंकणार, वाकडं बोलून बसलीस. मी म्हणलं, मला ऐकू नाही आलं.

हे ऐकू न येण्याचं एकदा सांगून टाकते. गिरणीनं आमच्या मालकांचे, सुधाकरच्या वडलांचे, कान खाल्ले होते. अगदी ठार. माणूस देव, पण शेजारी फटाक्यांची माळ लावा, ते विचारायचे, पाऊस आला का. त्यांच्याशी बोलता बोलता माझा आवाज चढला तो कायमचाच. त्यामुळं जगाला वाटायचं, गिरणीवाल्या दोघांचेही कान गेले. मी वाटू दिलं; समोर येऊन मोठ्यानं बोललं तेवढंच मला कळतं, असा सगळ्यांचा समज. बहिऱ्या बाईसमोर लोक फार खरं बोलतात. सासूसासऱ्यांची गाऱ्हाणी, कुणाचं कुणाशी जमलंय, दळणात कोण खडे मिसळतं, सगळं मला माझ्या तोंडावर ऐकायला मिळायचं. घरातसुद्धा कुणाला पत्ता नव्हता. फक्त वैजूच्या बाबतीत कान फुकट गेले. ती कधी पाठीमागंही पुटपुटायची नाही.

तर दिवाळी झाली आणि नदी सुरू झाली. पोर कोंबड्याच्या आधी उठायची, भाकऱ्या थापायची, मालकांचा चहा झाकून ठेवायची आणि पूल ओलांडून पळत सुटायची. दिवसभराच्या होड्या पोरांच्या, पोरींना काय ती पहाट. परतायची ती केसांत नदीचा वास घेऊन. आणि तो वास काही गुलाबपाण्याचा नव्हता. आमची मुळा कशी आहे ते पुणेकराला सांगायला नको. पहिल्या आठवड्यात होडी रोज उलटायची. एके दिवशी लातूरवालीच्या खिशात जलपर्णीचं फूल निघालं, ते तिनं आणून मला दिलं, म्हणे काकू, देवाला.

सरावाचं खरं नवल तर माझ्या दारात घडलं. वैजूची संध्याकाळ गिरणीची, आणि हाकणारीशिवाय चौघींचा मेळ बसेना. मग ती केतकी चौघींना घेऊन माझ्याच अंगणात यायला लागली. एकामागं एक गव्हाची पोती मांडायची, त्यांवर चौघींनी बसायचं, हातात खराट्यांचे दांडे, आणि एकदम पुढं वाकायचं, एकदम मागं रेलायचं. एकीचा दांडा दुसरीच्या पाठीत. दुसरीचा तिसरीच्या वेणीत. चंद्रपूरवाली पोत्यासकट मागं पडली तेव्हा मालक दळण टाकून बघायला आले आणि मला विचारलं, ह्यांच्या अंगात आलंय का.

मला एक उमजेना. मी केतकीला विचारलं, अगं, ह्या जायचंय तिकडं पाठ करून का बसतात? ती म्हणाली, काकू, वल्हवणारीला पुढचं दिसतच नाही. पुढचं बघायचं ते फक्त हाकणारीनं. म्हणजे जिनं ओढायचं ती आंधळी आणि जी नुसती बसलेली तिला सगळं दिसतं. मी म्हणलं, हे तर आमच्या घरासारखंच झालं.

पीठ चाळता चाळता माझं तोंड काही गप्प बसायचं नाही. दौंडवालीनं दांडा असा धरला होता की मांजराला गोंजारतेय. मी म्हणलं, "अगं ए, हात आहेत का शेवग्याच्या शेंगा?"

चौघी एकदम थांबल्या. एकमेकींकडं बघितलं आणि मग अशा हसत सुटल्या, अशा हसत सुटल्या की मंगळवार पेठवालीला उचकी लागली. लातूरवाली डोळे पुसत म्हणाली, "ह्याच का त्या?" केतकीनं तिच्या पायावर पाय दिला. वैजू पटकन आत गेली, दिवा लावायची वेळ झाली म्हणून. चांगलं ऊन होतं बाहेर.

माझ्या बोलण्याला एवढी दाद आळीत कधी मिळाली नव्हती. मग मी दररोज एखादं टाकायला लागले. पोरी लोळायच्या. मला वाटलं, शिकलेल्या पोरींना काय कळतं बघा. आमच्या घरच्यांना किंमत नाही.

वैजूच्या जेवणावरून मात्र माझी आणि केतकीची जुंपली. हाकणारी जितकी हलकी तितकी होडी पळते म्हणून ही पोर भाकरी अर्धी करायला लागली. मी म्हणलं, गिरणीच्या घरातली सून वाळलेली दिसली तर लोक मला फाडून खातील. दर शनिवारी केतकी काट्यावर चढवायची आणि दर शुक्रवारी मी दही-भात वाढायची. पोर बिचारी दोघींनाही जी म्हणायची.

शर्यतीचा दिवस उजाडला तो माघातला रविवार. मी गिरणीला कुलूप घातलं. लग्न आणि मयत सोडून आमच्या गिरणीला कुलूप कधी लागलं नव्हतं. हिरवं इरकल नेसले, नथ घातली, मालकांना नवी टोपी दिली, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि खण घेतला. होडीचीही ओटी भरावी लागते, ती काय लाकडाची म्हणून तिला जीव नाही का? आळीतल्या सगळ्यांना सांगून निघाले, संध्याकाळी भांडं बघायला या.

घाटावर मांडव, पताका, कर्ण्यातून इंग्रजी-मराठी चाललेलं. वैजू मला दिसली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पँट, टोपी, केस आत खोचलेले, जणू शाळेतलं पोरगं. मला बघून तिनं डोक्यावरून पदर ओढायला हात नेला आणि तिथं टोपीची चोच लागली. मी होडीला हळदकुंकू वाहिलं. त्यांचे शिकवणारे साळवी सर, खडकीच्या पलटणीतले निवृत्त सुभेदार, कडक माणूस, पण नारळ फुटला तेव्हा त्यांनीच टाच जोडून नमस्कार केला.

मग मी जागा धरली. शेवटची रेघ होती तिथं घाटाच्या अगदी पुढच्या पायरीवर, कमरेवर हात ठेवून. म्हणलं, पोरीला येताना आपलं माणूस दिसलं पाहिजे.

दिसलं की हो. तेच झालं.

पहिल्या फेरीत होड्या तीन, त्यांतल्या दोन पुढं जायच्या. वळणावरून आमची होडी निघाली ती अशी, जशी सुरी दुधावरच्या सायीतून. चौघींच्या पाठी एकदम वाकतायत, एकदम उठतायत, आणि शेपटाला वैजू तोंड उघडून काहीतरी ओरडतेय. काय ते लांबून कळेना, पण घाटावरची पोरं हसत होती. मी अभिमानानं अजून एक पायरी खाली उतरले आणि हात वर केला.

तिनं मला बघितलं. आणि तिचं तोंड मिटलं.

मिटलं ते मिटलंच. वल्हवणाऱ्या चौघींच्या पाठी आमच्याकडं, त्यांना काय कळणार. त्यांना फक्त एवढंच कळलं की आवाज बंद पडला. जसा गिरणीचा पट्टा सुटावा. एकीचं वल्हं आधी, एकीचं नंतर, खटाखट एकमेकींवर आपटायला लागली. दौंडवालीचं वल्हं पाण्यात अडकून तिच्याच पोटात बसलं. होडी बसलेल्या म्हशीसारखी थांबली. दुसऱ्या होडीनं गाठलं, पुढं गेली. तिसरीही गेलीच असती, पण ती नेमकी जलपर्णीत घुसली आणि तिच्या पोरी हातानं पानं उपटत बसल्या. म्हणून आमच्या दुसऱ्या आल्या. नदीच्या घाणीनं वाचवलं म्हणा.

काठाला लागल्यावर साळवी सर एवढंच म्हणाले, "कॉक्स मेली होती का?" कॉक्स म्हणजे हाकणारी. वैजू खाली मान घालून उभी. मी तिला बाजूला घेतलं, म्हणलं, दातखीळ बसली का गं तुझी? तिनं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली.

"तुम्ही होतात तिथं, आत्याबाई."

"मग? मी काय वाघ आहे?"

दोन तासांनी अंतिम फेरी होती आणि पोरीला नदी हातातून सुटताना दिसत होती. मला तिची दया आली, आणि खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला. म्हणलं, काय वळण आहे, सासूसमोर आवाज चढत नाही.

तेवढ्यात केतकी आली. ती सदाशिव पेठेत वाढलेली, तिला बोलायचं वळणं घेऊन माहीत नाही. "काकू, राग मानू नका. फायनलला तुम्ही घरी जा."

"घरी? मी? गिरणीला कुलूप लावून आलेय मी, बाई. आळीला तोंड काय दाखवू? माझी सून, माझी नदी, आणि मी घरी?"

"ती तुमच्यासमोर ओरडू शकत नाही. तुम्ही दिसलात की संपलं."

मी म्हणलं, मग मी मांडवामागं उभी राहते. तर केतकी म्हणाली, तिला कळेल तुम्ही आहात, ती शोधत बसेल, तिला दिसलं पाहिजे की तुम्ही बघत नाही आहात. आता आली का पंचाईत. जायचं नाही, लपायचं नाही, आणि बघायचं नाही. मी पदर खोचला आणि वैजूला म्हणलं, "हे बघ. मी त्याच पायरीवर उभी राहणार. पण नदीकडं पाठ करून. त्या चौघी पाठ करून बसतात, त्यांचं काही अडतं का? मी वळले तर नावाची हौसा नाही. आणि ऐकू तर मला येतच नाही. आता तरी ओरडशील?"

तिनं वर बघितलं. डोळ्यांत असं काही चमकलं की मला जरा शंकाच आली.

"जी, आत्याबाई."

तर अशी मी, इरकल नेसून, नथ घालून, शर्यत बघायला आलेली बाई, घाटावरच्या एका पिंपळाच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिले. अख्खा घाट नदीकडं बघतोय आणि एकटी मी घाटाकडं. एक म्हातारा मला म्हणाला, बाई, शर्यत इकडं आहे. मी म्हणलं, तुमची असेल. शेजारी मालक, त्यांचं तोंड नदीकडं. त्यांना दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होतं पण दिसत नव्हतं. दोघांत मिळून एक धड माणूस.

लांबवर भोंगा वाजला. चार होड्या सुटल्या. आधी नुसता गलका. मग वल्ह्यांचा आवाज, छप्प आणि खळळ, छप्प आणि खळळ. मी मालकांना विचारलं, कितव्या? त्यांना ऐकू येईना, आणि माझ्या ओठांवरून कळायला माझं तोंड भलतीकडं. शेवटी तेच आपणहून म्हणाले, "तिसऱ्या."

आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

पाण्यावरून आवाज कसा येतो, विहिरीतून यावा तसा, धुतलेला, अक्षर न् अक्षर वेगळं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण तो आवाज माझा होता.

"अगं ए, हात आहेत का शेवग्याच्या शेंगा? ओढ! पाहुणी आलीस का, पाट मांडू? ओढ! कंबर वाकव, सोन्याची नाही, झिजायची नाही. ओढ!"

तोच हेल. नाकातून निघणारं तेच 'अगं ए'. शेवटच्या शब्दाला मी देते तोच झटका. दोन वर्षं ज्या पोरीनं जी आत्याबाई ह्यापलीकडं शब्द उच्चारला नव्हता, तिनं माझा शब्द न् शब्द वेचून ठेवला होता, जसं सुगरण बाई पाखडताना कणी ठेवते. घाटावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, कुणाची सासू बसलीय रे ह्या होडीत?

माझ्या डोक्यात सणक गेली. ह्याच का त्या, म्हणाली होती लातूरवाली. अंगणात पोरी लोळायच्या त्या माझ्या विनोदाला नव्हे. वर्कशॉपच्या पोरालाही माझ्याच जिभेचा प्रसाद मिळाला होता. अख्ख्या विद्यापीठात माझी नक्कल फिरत होती आणि मी पोरींना पोहे खाऊ घालत होते. मी वळणारच होते. पाय अर्धा उचलला होता. वळायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि फक्त बघायचं. एवढं पुरे होतं. तोंड मिटलं असतं.

"दुसऱ्या," मालक म्हणाले.

पाय तिथंच राहिला.

"जेवायला चार भाकऱ्या आणि जोर मुंगीचा? ओढ! एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला, जावा-जावा आहात का गं? एका चुलीच्या व्हा. ओढ!"

आणि छप्प, खळळ, चार वल्ह्यांचा एकच आवाज. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. प्रत्येक टोमण्यासरशी वल्हं खोल जात होतं. मी तीस वर्षं बोलत आले, माझ्या बोलण्यानं दळण कधी लवकर झालं नव्हतं, आणि इथं होडी पळत होती. मी पदर दातांत धरला. हसू येत होतं की राग, ते त्या पिंपळाला माहीत.

होड्या आता अगदी जवळ आल्या असाव्यात. आवाज माझ्या पाठीवर आपटत होता. "बरोबरीनं," मालक म्हणाले, "दोन्ही होड्या बरोबरीनं." त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

आणि नेमकी तिथं पोर अडली. "शेवग्याच्या शेंगा," ती परत म्हणाली. मग परत तेच. दम संपला होता की माल संपला होता कोण जाणे. वल्ह्यांच्या आवाजात फट पडायला लागली. छप्प-छप्प, खळळ. ऐकलं की कळतं, जसं जात्याखाली खडा आला की कळतं. मला राहवेना. एवढा साठा पाठ केलास आणि ऐन वेळी रिकामी? मी वळले नाही. शब्द दिला होता. पिंपळाकडंच तोंड ठेवून, छाती फुगवून, मालकांच्या कानांसाठी कमावलेल्या आवाजात मी ओरडले,

"दारात येऊन घागर फोडता का गं!"

अख्खा घाट माझ्याकडं वळला. पिंपळावरचे पोपट उडाले. पाण्यावर क्षणभर काहीच नाही. मी म्हणलं, मेलं, संपवलं मीच.

मग पाण्यावरून माझाच आवाज परत आला. तोच हेल, पण चिरका, हसताना फुटलेला.

"दारात येऊन घागर फोडता का गं! ओढ! ओढ! ओढ!"

आणि त्या चौघी हसत होत्या. हसत वल्हवत होत्या. वल्हं, हसू, वल्हं, हसू, आणि भोंगा वाजला, आणि लगेच दुसरा. कुणाचा पहिला? मी पिंपळाला विचारत होते. कर्ण्यातून काय सांगितलं ते गलक्यात बुडालं. मी मालकांचा हात ओढला. तर ज्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही म्हणून जन्मभर हळू बोलायची सवय, त्या माणसानं नवी टोपी हवेत उडवली आणि असा हंबरला की पुलावरच्या लोकांनी वाकून बघितलं.

टोपी नदीत गेली. जाऊ दे गेली तर.

तरी मी वळले नाही. वळले ते मागून ओल्या पावलांचा आवाज आला तेव्हा. वैजू समोर उभी होती. टोपी कुठं तरी पडलेली, केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत ते भांडं. एवढंसं भांडं, आमच्या ताकाच्या तांब्याहून लहान. आजही ते गिरणीच्या कोनाड्यात आहे, मी त्यात मेथ्या ठेवते. तिच्यामागं चौघी एका ओळीत, श्वास कोंडून, गाल फुगलेले. केतकी पांढरीफटक. साळवी सर पताकेकडं बघत असल्यासारखे. आणि भोवती घाट, कारण घागरीची आरोळी कुणी ठोकली आणि होडीतला आवाज कुणाचा, हे एव्हाना पोराटोरांनाही समजलं होतं.

वैजूची मान खाली. भांडं पुढं धरलेलं. तिलाही कळलं होतं, मी सगळं ऐकलंय. आजचंच नव्हे, दोन वर्षं सगळं मला ऐकू येत होतं, हेही तिच्या ध्यानात आलं असणार. ओठ हलवून ती काहीतरी पुटपुटली. माफीचंच असावं.

मी भांडं हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, काखेत मारलं. मग कानामागं हात धरला आणि घाटाला ऐकू जाईल असं म्हणलं,

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल जरा. गिरणीनं कान गेलेत माझे, ठाऊक आहे ना तुला?"

तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, नीट, डोळ्याला डोळा देऊन, घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग छाती भरून श्वास घेतला आणि नुकतेच परतलेले पोपट पुन्हा उडतील अशा आवाजात म्हणाली,

"जी, आत्याबाई."